विद्यापीठाचा नंबर आणि आपली मुले

(उत्रोली येथे झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात मला पंधरा मिनिटे दिली होती. बोलणे त्याहून लांबले आणि तरीही काही मुद्दे राहून गेले. स्मरणिकेसाठी लिहून द्या असे संपादक मंडळाने सांगितले, म्हणून राहिलेले मुद्देही येथे घातले आहेत. तेव्हा वाचकहो, आपण त्या दिवशी समोर बसला होतात की नव्हतात, हे बोलणे आपल्याशीच आहे असे समजावे. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.ए., बी.एड. झालेला शाळामास्तर आहे. पण दहावी-बारावीचे निकाल लागले की 'सर, पोराला कुठे घालू?' हा प्रश्न घेऊन आपल्यापैकी पुष्कळजण माझ्याकडे येतात. त्या प्रश्नाचेच हे उत्तर आहे, जरा सविस्तर.

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. शाळा सुटल्यावर एक पालक भेटायला आले. त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. हाताला ऑईल तसेच होते आणि त्या हातात वर्तमानपत्राची घडी होती. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे, आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी पुण्याला विद्यापीठात जायचे असे तिने दोन वर्षांपासून मनात धरले आहे. पेपर माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "सर, विद्यापीठ एक्याण्णव नंबरवर गेलं म्हणे. आमचे साडू म्हणतात, पडत्या घरात कशाला पोरगी पाठवता? पाठवायचीच तर खाजगीत पाठवा. तिथली फी तर आपल्याला झेपायची नाही. मग मी म्हणतो, झालं तेवढं शिक्षण पुरे."

मंडळी, हे शेवटचे वाक्य नीट ऐका. बातमी होती एका विद्यापीठाची, पण तिचा निकाल लागत होता एका मुलीचा. दिल्लीत एक यादी जाहीर होते आणि चार दिवसांत भोर तालुक्यातल्या एका घरात मुलीचे शिक्षण थांबवण्याची भाषा सुरू होते. म्हणून ही यादी म्हणजे काय, ती कशी बनते, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा हे आपण समजून घेतले पाहिजे. बातमी आली तर तिची आधी शहानिशा करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आपल्याला दिलेली आहेच. ती फक्त गावातल्या भांडणांपुरती नाही.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यातर्फे दरवर्षी उच्च शिक्षण संस्थांची क्रमवारी जाहीर होते. तिला एनआयआरएफ म्हणतात. ही योजना सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाली आणि पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये लागली. त्याआधी काही साप्ताहिके आपापल्या याद्या छापत असत, अजूनही छापतात. सरकारी यादी आली, तिचे निकष छापील स्वरूपात सर्वांसमोर आले, ही गोष्ट चांगलीच झाली.

आता आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे या यादीत काय झाले ते पाहू. विद्यापीठांच्या गटात ते २०२० साली ९ वे होते. २०२२ साली १२ वे, २०२३ साली १९ वे, २०२४ साली २३ वे आणि २०२५ साली एकदम ५६ वे. घसरण खरी आहे आणि मोठी आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण मग पेपरातला ९१ हा आकडा कुठला? तो 'सर्वसाधारण' गटातला. या गटात आय.आय.टी., बंगळूरची विज्ञान संस्था, एम्ससारखी वैद्यकीय संस्था, केंद्रीय विद्यापीठे आणि खाजगी विद्यापीठे या सगळ्यांना एकाच रांगेत उभे करतात. तिथे आपले विद्यापीठ २०२४ साली ३७ वे होते, २०२५ साली ९१ वे झाले. तिसरा गट आहे राज्यांच्या सरकारी विद्यापीठांचा. तो २०२४ पासून सुरू झाला. त्यात आपले विद्यापीठ २०२४ साली देशात ३ रे होते आणि २०२५ साली ११ वे आले. म्हणजे एकाच दिवशी, एकाच यादीत, एकाच विद्यापीठाचे तीन नंबर आहेत : ९१, ५६ आणि ११. तिन्ही खरे आहेत. पेपरवाल्याने मथळ्यासाठी ९१ उचलला. विद्यापीठाने जाहिरात केली असती तर ११ उचलला असता. आमचे गॅरेजवाले मित्र मात्र ९१ वाचून घरी मुलीला काय सांगायचे याचा विचार करीत आले.

आपल्या शाळेतलाच दाखला घ्या. एखादा मुलगा वर्गात तिसरा, शाळेत अकरावा आणि तालुक्यात एक्याण्णवावा असू शकतो. तालुक्याचा नंबर ऐकून कोणी बाप मुलाला 'तू नापास झालास' म्हणत नाही. तो विचारतो, 'किती मुलांत?' यादीबद्दल आपला पहिला प्रश्न हाच असला पाहिजे : कोणत्या गटात, आणि कोणाकोणाबरोबर?

दुसरा प्रश्न : मोजतात काय? बागवान तराजूत आंबे घालतो तेव्हा एका पारड्यात वजन असते. इथे पारडी पाच आहेत. विद्यापीठांसाठी शंभर गुणांची वाटणी अशी : शिकवणे आणि साधनसामग्री यांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला २०, सर्व थरांतल्या मुलामुलींना सामावून घेण्याला १० आणि लोकमताला १०.

शेवटची दोन पारडी आपण नीट पाहू, कारण आपला संबंध तिथे येतो.

सर्वांना सामावून घेण्याच्या १० गुणांचे पुन्हा चार भाग आहेत. परप्रांतातील आणि परदेशातील विद्यार्थी किती, याला ३. स्त्रियांचे प्रमाण किती, याला ३. अपंग विद्यार्थ्यांसाठी सोयी किती, याला २. आणि आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांना किती आधार दिला, याला २. म्हणजे रोजगारावर जाणाऱ्याच्या पोराला फी माफ करून पदवीपर्यंत नेणे, या कामाला शंभरात फक्त दोन गुण आहेत. आणि राज्याचे विद्यापीठ राज्यातल्या मुलांसाठी काढलेले असताना परप्रांतातले विद्यार्थी किती यावर तीन.

उलट लोकमताला १० गुण आहेत. हे लोकमत आपले नव्हे. प्राध्यापक मंडळी आणि नोकऱ्या देणारे यांना विचारतात की तुमच्या मते कोणती संस्था चांगली. आता गंमत पाहा. माणसाचे मत कशावरून बनते? पुष्कळसे मागल्या वर्षीच्या नंबरावरून. त्या मतावरून यंदाचा नंबर बनतो, आणि यंदाच्या नंबरावरून पुढच्या वर्षीचे मत. विहिरीचे पाणी काढून पुन्हा त्याच विहिरीत ओतायचे आणि विहीर भरली म्हणायचे, तसा हा प्रकार. एकदा नाव चढले की चढत जाते, आणि एकदा उतरले की सावरणे कठीण होते.

हे आपल्याच देशात होते असे नाही. अमेरिकेत 'यू.एस. न्यूज' या नियतकालिकाने १९८३ साली कॉलेजांची पहिली यादी छापली तेव्हा निकष एकच होता : कॉलेजांच्या अध्यक्षांचे मत. पुढे निकष वाढले, तसा याद्यांचा दबदबाही वाढला. त्यातलाच एक प्रसंग सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते त्या यादीत २ ऱ्या क्रमांकावर होते. २०२२ साली तिथल्याच मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाने यादीसाठी भरून दिलेले आकडे तपासले आणि ते बरोबर नाहीत असे जाहीरपणे दाखवून दिले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात कोलंबिया १८ व्या क्रमांकावर आले. आता विचार करा. त्या काही महिन्यांत तिथले ग्रंथालय जळाले का? प्राध्यापक पळून गेले का? काही बदलले नाही. कागदावरचे आकडे बदलले, म्हणून नंबर बदलला.

आपल्याकडेही यादीसाठीची माहिती संस्था स्वतःच भरून देतात. ही माहिती पुरेशी तपासली जात नाही, या तक्रारीवरून मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्या वर्षीच्या यादीला तात्पुरती स्थगिती दिली होती. पुढे अडसर दूर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी यादी लागली. यादी खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण तीही माणसांनी भरलेल्या आकड्यांवर उभी आहे, एवढे ध्यानात असावे.

मग आपल्या विद्यापीठाची घसरण का झाली? याचे एक कारण सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिकवण्याच्या पारड्यात एक मोठे वजन आहे ते विद्यार्थ्यांमागे कायम शिक्षक किती, याचे. आपल्या राज्यात विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या मंजूर जागांपैकी पुष्कळ जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत. प्राध्यापक निवृत्त होतो, त्याची खुर्ची रिकामी राहते आणि त्याचे तास तासिका तत्त्वावरच्या माणसाकडे जातात. माझ्याबरोबर शिकलेले काहीजण असे तासावर शिकवतात. नेट-सेट झालेली, मन लावून शिकवणारी माणसे, पण सुट्टी लागली की पगार बंद. यादीच्या हिशेबात ही माणसे कायम शिक्षकांसारखी धरली जात नाहीत. शिवाय कायम शिक्षक कमी म्हणजे संशोधन कमी, पीएच.डी.ला मार्गदर्शक कमी. म्हणजे एका रिकाम्या खुर्चीमुळे शिकवणे, संशोधन आणि निकाल अशा तिन्ही पारड्यांत वजन कमी पडते.

खाजगी विद्यापीठ लाखांनी फी घेते, त्यातून माणसे नेमते, इमारती बांधते, संशोधन छापून आणते. यात काही गैर आहे असे नाही. सरकारी विद्यापीठाने मात्र फी कमी ठेवायची, कॉलेजांच्या परीक्षा घ्यायच्या, आणि जागा भरण्यासाठी मंजुरीची वाट पाहायची. मग दोघांना एका रांगेत उभे करून म्हणायचे की बघा, सरकारी मागे पडले! विद्यापीठात काही दोष नाहीत असे सांगायला मी उभा नाही. दोष असतील तिथे बोललेच पाहिजे. पण एवढे म्हणतो की हा ५६ चा आकडा जितकी विद्यापीठाची गुणपत्रिका आहे, तितकीच ती विद्यापीठाला माणसे आणि पैसा देणाऱ्या शासनाचीही आहे. आणि ती वाचून आपण काय करतो? जागा भरा म्हणून मागणी करायची सोडून आपल्या मुलांना तिथून काढून घेतो.

आता याहून महत्त्वाची गोष्ट. विद्यापीठांच्या गटातला हा नंबर विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा असतो, म्हणजे प्रामुख्याने गणेशखिंडीच्या आवारात जे चालते त्याचा. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो संलग्न कॉलेजे या हिशेबात येत नाहीत. भोरचे अनंतराव थोपटे महाविद्यालय असो की पुण्यातले पूना कॉलेज असो, तिथला वर्ग कसा भरतो, प्रयोगशाळेत आम्ल आहे की रिकाम्या बाटल्या आहेत, ग्रंथपाल पुस्तक हातात देतो की कपाटाला कुलूप लावतो, यातले काहीही त्या ५६ मध्ये नाही. कॉलेजांचा गट वेगळा आहे आणि त्यात भाग घेणे न घेणे हा त्या त्या कॉलेजाचा प्रश्न आहे. उत्रोलीहून सायकलवर भोरच्या कॉलेजात जाणारा मुलगा विद्यापीठाच्या नंबरावरून स्वतःला कमी समजू लागला, तर तो दुसऱ्याच्या तापाचे औषध स्वतः घेत आहे असे म्हणावे लागेल.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगितली पाहिजे, कारण त्यात चूक माझी होती.

२०१८ साली माझा धाकटा भाऊ बारावी झाला. गुण बेताचे होते. पुण्याहून येताना रस्त्यालगत एका खाजगी संस्थेचा भला मोठा फलक होता आणि त्यावर देशातला अमुक क्रमांक असा आकडा माणसाच्या उंचीएवढा काढला होता. अब्बांनी मला विचारले, "तू शिकलेला आहेस. हे कसं आहे?" मी म्हणालो, "नंबर चांगला आहे." एवढेच. एवढ्यावर रस्त्याकडेची दहा गुंठे जमीन विकली गेली, अम्मीचे दागिने सोनाराकडे गेले आणि उरलेल्या रकमेचे बँकेचे कर्ज काढले. पुढे भावाने सांगितले की एका विषयाला वर्षात तीन शिक्षक बदलले. मग मी तो फलक पुन्हा नीट पाहिला. आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की तो क्रमांक एका साप्ताहिकाच्या पाहणीतला, एका उपगटातला आणि चार वर्षांपूर्वीचा आहे. भाऊ पास झाला, नोकरीलाही लागला, त्याचे वाईट झाले नाही. पण त्याच विषयाची पदवी त्याला सरकारी अनुदानाच्या कॉलेजात त्या पैशाच्या लहानशा हिश्श्यात मिळाली असती. कर्जाचे हप्ते फिटले तेव्हा अब्बा एवढेच म्हणाले, "जमीन रस्त्याला होती रे." मला मान वर करता आली नाही. फलक लावणाऱ्याने आपला धंदा केला. वाचायला माझ्यावर सोपवले होते आणि मी आकडा तेवढा वाचला.

म्हणून पालकहो, आकड्याच्या खालची बारीक अक्षरे वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कोणी म्हणेल, 'सर, नोकरी देणारे नंबर पाहतात, त्याचे काय?' हा प्रश्न खोटा नाही. काही मोठ्या कंपन्या ठराविक संस्थांतच जातात. परदेशी शिक्षणासाठी शासनाच्या ज्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांतल्या काहींना जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांची अट घातलेली असते. म्हणजे नंबर कामाचा नाही असे म्हणता येत नाही. ज्याला दोन चांगल्या संस्थांत प्रवेश मिळतो आहे आणि दोन्हींचा खर्च झेपतो आहे, त्याने नंबर जरूर पाहावा. पण आपल्यापैकी बहुतेकांपुढे 'ही संस्था की ती' असा प्रश्नच नसतो. आपल्यापुढे 'शिक्षण की घर' असा प्रश्न असतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले शेकडा चारांहूनही कमी आहेत, आणि तेव्हा देशाचे सर्वसाधारण प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते. ज्या समाजाची अवस्था अशी होती, त्याने घराजवळच्या सरकारी कॉलेज-विद्यापीठाच्या दारावर दुसऱ्याने लिहिलेला आकडा पाहून परत फिरावे, हे परवडणारे नाही.

हे दार कोणी उघडले तेही आठवा. पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. त्याआधी इकडच्या मुलांची पदवी मुंबई विद्यापीठाची असे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि त्यांच्या नावाचे ग्रंथालय आजही आवारात उभे आहे. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचे नाव येते, ते आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे आहे. माझ्या पदवीपत्रावर 'पुणे विद्यापीठ' आहे आणि धाकट्या बहिणीच्या पदवीपत्रावर सावित्रीबाईंचे नाव आहे. दोन्ही कागद अम्मीने एकाच ट्रंकेत ठेवले आहेत. आमच्या घरात त्याआधी कोणाचे असे कागद नव्हते.

त्याच विद्यापीठात आणि त्याच्या अनेक कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना चालते. दिवसातले काही तास काम करावे आणि त्या पैशावर आपले जेवणखाण, वह्यापुस्तके भागवावीत. खेड्यापाड्यांतली किती मुले या आधारावर शिकून निघाली! क्रमवारीच्या शंभर गुणांत या घामाला वेगळे पारडे नाही. म्हणून ते काम मोलाचे नाही असे होत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. कॉलेज किंवा विद्यापीठ निवडण्याआधी पुढील गोष्टी विचारा आणि उत्तरे वहीत लिहून घ्या.

पहिली : पदवी कोणाच्या नावाने मिळणार, आणि त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, ती पाहावी.

दुसरी : जो विषय घ्यायचा आहे त्या विभागात कायम शिक्षक किती आहेत? संपूर्ण संस्थेत किती, हे विचारू नका. मुलगा सगळ्या संस्थेत बसत नाही, एका वर्गात बसतो.

तिसरी : पूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च किती? पहिल्या वर्षाची फी सांगून गप्प बसतील. वसतिगृह, मेस, परीक्षा फी, अनामत रक्कम, सगळे मिळून विचारा.

चौथी : नंबर सांगितला तर कोणी दिला, कोणत्या वर्षी दिला आणि कोणत्या गटात दिला?

पाचवी : संस्था यादीत असेल तर तिने भरलेली माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर आणि संस्थेच्या संकेतस्थळावर असते. किती मुले पास झाली, किती नोकरीला लागली, मधला पगार किती आणि शिक्षक कोण, हे त्यात सापडते. यादीतला सर्वांत उपयोगी भाग नंबर नसून ही माहिती आहे. मोबाईलवर आपली मुले ती पाच मिनिटांत काढून देतील. त्यांना काढायला लावा.

सहावी : फीची सवलत कोणती मिळते? २०२४ साली राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ केली. आपल्या समाजातल्या अनेक बिरादऱ्या इतर मागास वर्गात मोडतात. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला नसतो आणि हक्काची सवलत हातची जाते. हे दाखले अकरावीतच काढून ठेवा. या कामात शाळेतले आम्ही शिक्षक मदत करू.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. आपले विद्यापीठ ५६ वे असो की ९ वे, तुमच्या उत्तरपत्रिकेत त्यातला एकही गुण आपोआप पडणार नाही. पहिल्या नंबरच्या संस्थेतही मागच्या बाकावर झोपणारे असतात, आणि तालुक्याच्या कॉलेजातही रात्री दिवा जाळणारे असतात. तुमच्या कॉलेजात शिक्षक कमी असतील तर गप्प बसू नका. अर्ज करा, पालकांना घेऊन प्राचार्यांना भेटा, लोकप्रतिनिधींना विचारा की जागा कधी भरणार. सार्वजनिक संस्था ही आपली मिळकत आहे. वाडवडिलांच्या घराची भिंत खचली तर आपण घर सोडून जात नाही, गवंडी बोलावतो.

पालकहो, आता त्या गॅरेजवाल्या मित्राची गोष्ट पुरी करतो. त्या संध्याकाळी मी त्यांना तीन नंबरांचा हिशेब सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला, पण चेहऱ्यावरची शंका गेली नाही. मग आम्ही मुलीलाच बोलावले आणि वही देऊन बसवले. एका पानावर विद्यापीठाच्या विभागाची फी, वसतिगृह, शिक्षकांची नावे. दुसऱ्या पानावर साडूंनी सुचवलेल्या संस्थेची तीच माहिती. एक तास लागला. फीचे दोन आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, "बेटा, तिथली परीक्षा अवघड असते का?" ती म्हणाली, "असते, अब्बा. सगळ्या तालुक्यांतून मुलं येतात." त्यावर ते हसले. "म्हणजे पडक्या घरात शिरायलाही रांग आहे की!"

मुलीने प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केली आहे. तिला जागा मिळेल की नाही हे मला आज सांगता येत नाही. नाही मिळाली तर दुसरी वाट शोधू. पण तिचे शिक्षण एका मथळ्यामुळे थांबले असे होणार नाही, एवढे तिच्या अब्बांनी मला सांगितले आहे.

आपल्या घरातही असा पेपर येईल. पुढच्या वर्षी नंबर वर जाईल किंवा आणखी खाली येईल. तो वाचा, समजून घ्या, कोणत्या गटातला आहे ते विचारा. आणि निर्णय मात्र वही उघडून, मुलाला-मुलीला शेजारी बसवून करा.